कोरड्या भिंतींचा हंगाम

वसई-विरार पट्ट्यात जुन्या घरांच्या पुनर्विक्रीचे, म्हणजे बाजारात सरसकट रिसेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारांचे, वेळापत्रक पाऊस ठरवतो. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत गच्चीतून झिरपणारे पाणी, भिंतींवर चढणारी ओल आणि सखल रस्त्यांवर तुंबणारे पाणी यांमुळे ज्याला पैशांची तातडीची निकड नाही असा घरमालक शक्यतो आपले घर दाखवायला काढत नाही; ऑक्टोबरच्या उन्हात भिंती वाळू लागतात, दिवाळीची घाई सरल्यावर रंगारी आणि गवंडी मोकळे होतात, आणि तुळशीच्या लग्नापासून गुढीपाडव्यापर्यंत घर रंगवणे, दाखवणे, टोकन घेणे आणि दस्त नोंदवणे ही कामे एकामागून एक चालू राहतात. हिवाळ्यात घर आपल्या उत्तम रूपात असते आणि नेमकी हीच गोष्ट काळजी करण्यासारखी आहे, कारण या भागातील घरांना जे दोष खरोखर ग्रासतात ते याच चार महिन्यांत नजरेला पडत नाहीत. ओल सुकलेली असते, रस्ता कोरडा असतो, आणि इमारत कायदेशीर आहे की नाही हे तर कोणत्याही ऋतूत भिंतीकडे पाहून कळत नाही.

घर विकणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा होणारा व्यवहार असतो, घेणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो पुढच्या वीस वर्षांच्या हप्त्यांचा करार असतो, आणि या दोहोंमध्ये रंगाचा एक हात, एक मध्यस्थ आणि कागदांची एक पिशवी उभी असते. या तिघांपैकी सर्वाधिक खर्च आणि वेळ पहिल्यावर होतो व सर्वाधिक नुकसान तिसऱ्यामुळे होते, हे वसई-विरारच्या बाजाराचे मुख्य दुखणे आहे.

डोंगर, खाडी आणि मधला भराव

या शहराच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी शहर ओलांडूनच खाडीकडे जाते, आणि त्याच्या वाटेत उत्तर-दक्षिण धावणारा रेल्वेचा भराव आडवा येतो. पूर्वी हे पाणी भातखाचरे, तलाव आणि मिठागरे यांत पसरून सावकाश ओसरत असे. खाचरांवर भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या तशी पाण्याची बसण्याची जागा गेली, परंतु पाणी तेवढेच राहिले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून विरारकडील उपनगरी वाहतूक कोलमडली आणि वसईतील मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली, तेव्हा या भूगोलाची किंमत साऱ्या राज्याने पाहिली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांकडून पूरस्थितीचा अभ्यास करून घेतला आणि त्यात धारण तलावांची, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी तात्पुरते साठवून ठेवणाऱ्या मोठ्या तलावांची, आवश्यकता पुढे आली.

शहराच्या वाढीचा वेगही याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. मुंबईत घर न परवडणारे कुटुंब पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत गेले, आणि चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले विरार हे त्या सरकण्याचे दीर्घकाळ शेवटचे टोक होते. १९९० मध्ये सिडकोकडे या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम आले; ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व भोवतालची अनेक गावे मिळून महापालिका स्थापन झाली; १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. या घडामोडींमुळे एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या तीन इमारतींची मूळ परवानगी तीन वेगवेगळ्या कार्यालयांची असू शकते, आणि विक्रीच्या वेळी हेच सर्वांत आधी तपासावे लागते.

ओल, लोणा आणि रंगाचा हात

पावसाळा संपताच विक्रीच्या विचाराने घराकडे पाहणाऱ्या मालकाला प्रथम छताच्या कोपऱ्यातील पिवळट डाग, खिडकीखाली फुगलेला गिलावा आणि न्हाणीघराच्या पलीकडील भिंतीचे पोपडे दिसू लागतात. भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना सिमेंट-विटांमधील क्षार सोबत आणते, पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पृष्ठभागावर उरतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. लोण्यावर थेट पुट्टी आणि रंग चढवला तर तो दोन-तीन महिने टिकतो आणि पुढच्या पावसात पापुद्र्यांसारखा सुटतो. अनुभवी रंगारी म्हणूनच आधी भिंत खरवडतो, सैल गिलावा ठोकून पोकळ आवाज येईल तेवढा भाग काढतो, नवा गिलावा करून त्यावर काही दिवस पाणी मारतो आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय प्रायमरला हात लावत नाही. हवेतील दमटपणा उतरलेला असल्याने नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस या वाळण्यासाठी वर्षातील सर्वांत चांगले असतात, आणि म्हणूनच दिवाळीपूर्वी घाईने उरकलेल्या रंगापेक्षा दिवाळीनंतर सावकाश केलेला रंग अधिक टिकतो.

परंतु रंग हा उपचाराचा शेवटचा टप्पा आहे, आणि त्याआधी पाणी कोठून येते हे शोधावे लागते. वरच्या मजल्यावरील घरात ते बहुधा गच्चीतून येते. गच्चीवर विटांचे तुकडे उतारात बसवून वर सिमेंटचा थर देण्याची, ज्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात ती, पद्धत या भागात रूढ आहे, आणि कोब्याला तडा गेला की पाणी थराखाली शिरून भलत्याच ठिकाणी छतातून उतरते, त्यामुळे डाग दिसतो तेथेच गच्ची फोडून उपयोग होत नाही. मधल्या मजल्यांवर बहुतेक वेळा वरच्या घरातील नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीच्या जमिनीतील सांडपाण्याचे भांडे, किंवा भिंतीतील गंजलेली नळी दोषी असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, तर घराच्या आतील नळजोडण्यांचे दोष सदस्याने स्वखर्चाने काढायचे असतात. हा भेद ठाऊक नसल्यामुळे वरचा आणि खालचा मालक वर्षानुवर्षे अबोला धरतात, आणि शेवटी विकणारा मालक गळती तशीच ठेवून तिच्यावर रंग काढतो.

सर्वांत गंभीर दोष याहून आत असतो. समुद्राची खारी हवा आणि वारंवारची ओल यांमुळे काँक्रीटमधील लोखंडी गज गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि त्या दाबाने गजांवरील काँक्रीटचे आवरण फुटून खाली पडते. छज्ज्याखाली किंवा वाहनतळाच्या तुळईत गजाच्या रेषेतच जाणारी सरळ भेग दिसली तर ती गिलाव्याची नसून गजाची असते, आणि ती पुट्टीने भरून विकणे हे खरेदीदाराची उघड फसवणूक करणे आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण, म्हणजे पात्र अभियंत्याकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचे दर ३ वर्षांनी परीक्षण अपेक्षित आहे. नवघर-माणिकपूर आणि नालासोपारा पश्चिमेकडील, १९८० व १९९० च्या दशकांतील तीन-चार मजली इमारती आता या वयात आल्या आहेत. विक्रीस काढलेल्या घरासोबत हा अहवाल स्वतःहून दाखवणारा मालक क्वचितच भेटतो, आणि तो मागणारा ग्राहक त्याहून क्वचित भेटतो.

पंचांग आणि पहिली एप्रिल

हिवाळ्यातील चार महिने सारखे नसतात. दसरा आणि दिवाळी पाडव्याला विसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची पहिली रक्कम, देण्याची प्रथा आहे. मार्गशीर्षात पाहणी जोरात चालते. परंतु सूर्य धनु राशीत गेल्यावर, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत, गुजराती कुटुंबे कमुरता आणि उत्तर भारतीय कुटुंबे खरमास पाळतात, मराठी कुटुंबांतही पौष हा भाकड महिना मानला जातो, आणि या महिनाभरात घर पसंत पडूनही टोकन पुढे ढकलले जाते. नालासोपारा आणि विरारच्या मिश्र वस्तीत ही गोष्ट मध्यस्थांच्या गणितात पक्की बसलेली आहे. ते या दिवसांत कागद जमवतात आणि संक्रांत उलटली की बैठका लावतात. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील ख्रिस्ती समाजात मात्र हेच दिवस नाताळचे असतात, घरांना रंग आधीच लागलेला असतो आणि परदेशी गेलेली भावंडे गावी आलेली असतात, त्यामुळे वाडवडिलांच्या घराचा निर्णय घ्यायचा तर तो बहुधा याच दोन आठवड्यांत घेतला जातो.

संक्रांतीनंतर दुसरे पंचांग सुरू होते. राज्य शासन दरवर्षी प्रत्येक विभागातील मालमत्तेच्या किमान मूल्याचा तक्ता, म्हणजे रेडी रेकनर, निश्चित करते, आणि करारातील रक्कम व या तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. हा तक्ता पूर्वी १ जानेवारीला बदलत असे, २०१६ पासून तो १ एप्रिलला बदलू लागला, आणि त्या एका निर्णयाने नोंदणीची वर्षअखेरची धावपळ डिसेंबरातून मार्चमध्ये गेली. शासनाचा निर्णय बाजाराला किती हलवू शकतो याचा सर्वांत ठळक दाखला २०२०-२१ च्या हिवाळ्यात मिळाला: टाळेबंदीनंतर थंडावलेल्या व्यवहारांना चालना देण्यासाठी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांची सवलत दिली गेली, आणि डिसेंबरअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांपुढे गर्दी उसळली. नोंदणी अधिनियमाप्रमाणे दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करता येते, त्यामुळे अनेकांनी शुल्क भरून व सह्या करून ठेवल्या आणि नोंदणी सावकाश उरकली. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत लागू झाली, आणि तिचा परिणाम अधिक खोलवरचा म्हणावा लागेल, कारण तिच्यामुळे या पट्ट्यातील असंख्य लहान घरांच्या करारनाम्यांवर बाईचे नाव प्रथमच एकटे आले.

रविवारची पाहणी

घर पाहणारा ग्राहक बहुधा दहिसर, कांदिवली, मालाड किंवा मध्य मुंबईतील चाळीतून रविवारी सकाळी लोकलने येतो, मध्यस्थ त्याला स्थानकाबाहेर दुचाकीवर घेतो आणि दुपारपर्यंत चार-सहा घरे दाखवून परत सोडतो. दुचाकीवरून स्थानकाचे अंतर नेहमीच पाच मिनिटांचे वाटते. ते पायी चालून पाहणे, तेही संध्याकाळच्या गर्दीत पूल उतरून, हे ग्राहकाच्या हिताचे असते. मालकाच्या बाजूने तयारी साधी असते: पोटमाळ्यावरील सामान हलवले जाते, बंद पडलेल्या ट्यूब बदलल्या जातात, खिडक्यांच्या काचा पुसल्या जातात, स्वयंपाकघराचा ओटा मोकळा केला जातो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो, म्हणून दक्षिणेच्या खिडक्यांची घरे याच दिवसांत सर्वांत उजळ दिसतात. सहाच्या सुमारास अंधार पडतो आणि डास येतात, म्हणून जाणता मध्यस्थ संध्याकाळची वेळ सहसा देत नाही.

या पाहणीत विचारला जाणारा पहिला प्रश्न पाण्याचा असतो: महापालिकेचे पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ येते, आणि टँकर मागवावा लागतो का. दुसरा प्रश्न वास्तविक तितकाच महत्त्वाचा आहे, परंतु डिसेंबरात तो कोणाला आठवत नाही, आणि तो म्हणजे पावसात रस्त्यावर पाणी किती चढते. याचे उत्तर मध्यस्थाकडून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तळमजल्यावरील वीजमीटरची फळी किती उंचीवर बसवली आहे, वाहनतळाच्या खांबांवर जुन्या पाण्याची रेषा आहे का, दुकानदारांनी दारात उंबरठा वाढवून घेतला आहे का, आणि कोपऱ्यावरचा वाणी जुलैत किती दिवस दुकान बंद ठेवतो, या चार खुणा कोरड्या दिवसांतही पावसाळ्याची साक्ष देतात. घरात शिरल्यावर एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच कोपऱ्यात नवे छत, किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले अवजड कपाट दिसले तर त्यामागे पाहण्याची विनंती करण्यात कोणताही संकोच नसावा.

मध्यस्थाची दलाली साधारण एक ते दोन टक्के आणि तीही बहुधा दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची स्थापना २०१७ मध्ये झाली आणि नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना तेथे नोंदणी व सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक झाले. परंतु पूर्ण झालेल्या जुन्या इमारतीतील पुनर्विक्री त्या चौकटीबाहेर राहते, आणि वसई-विरारमधील मोठा व्यवहार याच प्रकारचा असल्याने येथील ग्राहकाचे संरक्षण अखेर कागदांवरच अवलंबून असते.

कागदांची साखळी

बांधकाम व्यावसायिकाकडून घेणाऱ्या पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करारनामे म्हणजे व्यवहारातील चेन. तिच्यातील एक जरी कडी हरवली असेल तर बँकेचा वकील तेथे थांबतो. त्यामुळे घर विकण्याचा विचार मनात येताच हिवाळ्याची वाट न पाहता मालकाने ही साखळी मांडून पाहावी, आणि जुना दस्त गहाळ असेल तर निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत मिळवावी. प्रत्येक करारनाम्यासोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा गोषवारा सांगणारा उतारा, असतो आणि तो नोंदणी विभागाच्या ई-सर्च सेवेतून कोणालाही तपासता येतो. त्याबरोबर संस्थेचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, जमिनीचा सातबारा, बिनशेती आदेश, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र हवे. यांतील शेवटचे, ज्याला लोक ओसी म्हणतात, ते इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाल्याची नियोजन प्राधिकरणाची ग्वाही असते, आणि वसई-विरारमध्ये घराची खरी किंमत त्या एका कागदाने ठरते.

या शहरात ओसी नसलेल्या इमारती मोठ्या प्रमाणावर का आहेत, याचे कारण शहराच्या घडणीतच आहे. महापालिकेपूर्वी गावठाणांभोवतीच्या जमिनींवर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या आधाराने चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. घरपट्टी हा केवळ कर आहे, ती भरल्याने बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि पुढे महापालिकेने अशा बांधकामांवर कर व शास्ती आकारली तरी त्यामुळेही ते नियमित होत नाही. तरीही नालासोपारा आणि विरार पूर्वेकडील चाळींतील खोल्या नोटरी केलेल्या कागदावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर हातोहात विकल्या गेल्या. १०० रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय होत नाही हे १९०८ च्या नोंदणी अधिनियमात स्पष्ट आहे, आणि कुलमुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प प्रकरणातील निकालात सांगितले आहे. पूर्वेकडील काही जमिनी मूळच्या आदिवासींच्या आहेत, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाहीत. अशा जमिनीवरील खोली घेणाऱ्याच्या हाती चावीखेरीज काहीच येत नाही.

याचे परिणाम अलीकडच्याच हिवाळ्यात शहराने पाहिले आहेत. नालासोपारा पूर्वेकडील अग्रवाल नगरी परिसरात मलप्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात पाडण्यात आल्या. ज्या महिन्यांत शेजारच्या वस्तीत घरे रंगवून ग्राहकांना दाखवली जात होती त्याच महिन्यांत तेथील कुटुंबे पलंग, शिलाई यंत्रे आणि मुलांची दप्तरे रस्त्यावर काढत होती, आणि त्यांतील अनेकांनी ती घरे आयुष्यभराची कमाई देऊन घेतलेली होती. पुढे २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री विरार पूर्वेतील विजयनगर भागात रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. या दोन घटनांनंतर ओसीचा आग्रह धरणे ही श्रीमंतांची चैन आहे असे कोणी म्हणू शकणार नाही.

ओसी असूनही एक अडचण उरते. इमारत संस्थेच्या ताब्यात असते, परंतु तिच्याखालची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बांधकाम व्यावसायिकाच्या नावे असते. १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन संस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन विकासकावर घातले आहे, आणि तो टाळाटाळ करीत असेल तर उपनिबंधकांकडे अर्ज करून संस्थेला मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकासकाच्या सहीविना जमिनीची मालकी, मिळवता येते. पुनर्विकासाच्या आशेवर जुन्या इमारतीतील घराला जास्त भाव सांगणाऱ्या मालकाने आपल्या संस्थेचे अभिहस्तांतरण झाले आहे का हे आधी पाहावे.

वाडीतले घर

वसईचा पश्चिम पट्टा या साऱ्याहून वेगळा आहे. पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांत केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमध्ये विहिरीकाठी उभी असलेली कौलारू घरे अजून आहेत. ही हिरवाई १९८० च्या दशकाअखेरीस बांधकामासाठी खुली होऊ लागली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले आणि त्यामुळे तिचा काही भाग वाचला. दिब्रिटो यांचे निधन २५ जुलै २०२४ रोजी झाले, परंतु तो प्रश्न मात्र दर हिवाळ्यात प्रत्येक कुटुंबाच्या ओटीवर नव्याने येतो, कारण घर वाडीसह विकले की तेथे इमारत येण्याची शक्यता उघडते.

अशा घराची तयारी रंगाने होत नाही, ती वारसांच्या बैठकीने होते. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असते, वारस नोंद कधी झालेली नसते, आत्या लग्न होऊन गेलेल्या असतात आणि एक काका परदेशात असतो. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे पत्नी व मुले असतील तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व मुलामुलींना समान मिळते. हिंदू कुटुंबांत मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतील हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केला. तरी बहिणींकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, केवळ रीत म्हणून लिहून घेण्याची सवय दोन्ही समाजांत आहे, आणि ही सवय मोडायला हवी. बहिणीला तिचा वाटा पैशात देऊन केलेली विक्री न्याय्य असते, शिवाय पुढच्या दाव्यांपासून खरेदीदारही सुरक्षित राहतो.

परदेशस्थ वारस नाताळात आलेला असतानाच सह्या उरकणे सोयीचे असते, अन्यथा दूतावासातून प्रमाणित कुलमुखत्यारपत्र मागवावे लागते. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराने कापायचा कर वेगळा आणि बराच अधिक असतो, त्याला निवासी विक्रेत्यासाठी असलेली ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही, आणि हे ठाऊक नसलेल्या खरेदीदाराला पुढे ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागू शकते.

टोकनपासून ताब्यापर्यंत

सौदा ठरल्यावर टोकन दिले जाते आणि एक साधा समजुतीचा करार होतो. येथे रोखीचा मोह मोठा असतो. मात्र स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि सौदा फिसकटला तर रोख दिलेल्या पैशाचा पुरावा उरत नाही. घराची किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज चालू असेल तर बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिच्या ताब्यातील कागदांची यादी आधीच घ्यावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे, आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देणे, हे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक केले आहे.

संस्थेच्या ना हरकत पत्राविषयी बराच गैरसमज आहे. उपविधींनुसार सदस्याने हस्तांतरणाची १५ दिवस आधी सूचना द्यायची असते, ना हरकत पत्र ही कायद्याची अट नाही. बँका ते मागतात म्हणून ते लागते. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही, असे शासनाने ऑगस्ट २००१ मध्ये ठरवून दिले आहे, आणि देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक मागणाऱ्या कार्यकारिणीला हे लेखी दाखवणे पुरेसे ठरते.

शेवटचा टप्पा दुय्यम निबंधक कार्यालयाचा असतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वसईतील या कार्यालयांत पाय ठेवायला जागा नसते: दस्ताची माहिती संगणकावर आधीच भरलेली असते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, जी १ टक्का परंतु कमाल ३०,००० रुपये असते, ई-चलनाने भरलेली असते, आणि तरी दोन्ही पक्ष व त्यांना ओळखणारे दोन ओळखदार पुकारा होण्याची वाट पाहत तासन् तास उभे असतात. मग छायाचित्र, अंगठा, सही, आणि काही मिनिटांत घर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाते. त्यानंतरही वीज देयक, मालमत्ता कर आणि भागप्रमाणपत्र यांवरील नावे बदलून घेईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये.

या हिवाळ्यात घर विक्रीस काढणाऱ्या वसई-विरारकरांना एक विनंती आहे: रंगाऱ्याला बोलावण्याआधी ओसी, करारनाम्यांची साखळी आणि संरचनात्मक परीक्षणाचा अहवाल यांच्या प्रती एका फायलीत लावाव्यात, गेल्या जुलैत घरात कोठे ओल आली आणि रस्त्यावर पाणी कोठवर चढले हे एका कागदावर लिहून त्याच फायलीत ठेवावे, आणि ती फाइल ग्राहकाच्या हाती टोकन घेण्याआधी द्यावी. ग्राहकांनीही ती मागावी, आणि ती मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.